हलका हात

११ नोव्हेंबर, मंगळवार

आपोलिनाबाईंच्या घराची मागची खिडकी आज उघडी दिसली. मे महिन्यापासून बंद होती. आमच्या दोन घरांत फक्त एक दगडी गडगा आहे, कमरेएवढा, आणि इतके महिने मी त्या बंद खिडकीकडे तोंड करून भांडी घासली. आज टोप तसाच टाकला आणि पदराला हात पुसत गेले.

बाई ओसरीवर बसल्या होत्या. औषधांनी गेलेले केस परत आलेत, पण मुलग्यासारखे बारीक. मी बघतच राहिले तर म्हणाल्या, "काय बघतंस शेवंते? न्हाव्यान फसयल्यान माका."

बाईंना हसू आलं, मलाही आलं. मग हाताकडे लक्ष गेलं. डावा हात मांडीवर असा ठेवला होता, जसं कोणाचं तरी मूल घटकाभर सांभाळायला घेतलंय. गोव्याला स्तनाचं ऑपरेशन झालं, त्यात बगलेतल्या गाठीही काढल्या, हे मला ठाऊक होतं. त्याने हात सुजतो हे ठाऊक नव्हतं. मनगट कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळत नाही.

रॉविनाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, आईला मडगावलाच ठेवायचं होतं. बाई भांडून आल्या. "खिडकीतसून बघलंय तर दुसऱ्याची खिडकी. ता काय बघणा झाला?"

ही डायरी पतपेढीने जानेवारीत दिली होती. आजवर कोरी राहिली. आज लिहायला घेतली, कारण आज माझं कोणाशी तरी बोलणं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचा हात डोळ्यांपुढून जात नाही.

या वाडीतली बहुतेक मुलं माझ्या हाताखालून गेली. सासूने शिकवलं. पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर घ्यायचं, कोमट खोबरेल, मग ऊन पाणी. बाळंतिणीची कंबर तर अशी रगडायची की ती आधी आईला हाक मारते आणि मग घोरायला लागते. रॉविनालाही मीच न्हाऊ घातलं होतं. पाणी पडलं की नुसती किंचाळायची. "शेवंतीचो हात" म्हणत लोक, जसं कोणाच्या हातच्या माशांच्या कढीचं नाव काढतात तसं.

आता बाळंतपणं कुडाळ-कणकवलीला होतात आणि मुली तिकडच्या तिकडे मुंबईला जातात. शेवटचं बाळ न्हाऊ घातलं त्याला दोन पावसाळे झाले. केर, भांडी, पेज, एवढ्याने माझे हात भागत नाहीत. त्यांना माणूस लागतं.

म्हणून आज बाईंना म्हटलं, "दोन दिस ह्यो हात माज्या ताब्यात द्या. सूज खंयच्या खंय पळात."

"डॉक्टरान सांगल्यानी, जोर लावूचो नाय."

"डॉक्टरान कोणाचा पोर न्हाणल्यानी?"

बाई हसल्या. "तू माज्या शाळेत व्हया होतंस शेवंते. पट्टी खाल्लली असतंस." माझ्या देवेशला त्यांनीच पाढे शिकवले, पट्टीही दिली. मी शाळेत चारच यत्ता गेले, पुढचं वाचणं पुड्या बांधलेल्या कागदांवरून आलं. पण हाताचं शिक्षण माझं पुरं आहे, असं म्हटलं त्यांना.

उद्यापासून ये म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल केलं, आज केलं. तेल चांगलं तापवून घेतलं, मनगटापासून धरून पिळून वर काढलं. विचारलं, "दुखता?"

"काय कळणाच नाय गो. बगलेपासून कोपरापर्यंत सगळा लाकूड."

कळत नाही म्हणजे आत पोचत नाही, म्हणून आणखी जोर लावला. मग कढत पाण्याने शेकलं. बाई मध्येच डोळे मिटून बसल्या होत्या. सुख वाटत असेल.

घरी आले तेव्हा माझे तळवे लाल झाले होते. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू. सकाळी गेले तर बाई उठल्याच नव्हत्या. हात कोकमासारखा लाल, अंग चटका बसेल एवढं तापलेलं. दात वाजत होते. रिक्षावाल्या बाबलीला हाक मारली, तो रिक्षा घेऊन अंगणापर्यंत आला. "बसा काकी, आज रिक्षा इमानासारखी उडयतंय," म्हणाला. मग कुडाळ येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

डॉक्टरांनी विचारलं, असं कशामुळे झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई शाळेतल्या भाषेत म्हणाल्या, "बांगडा साफ करताना काटा लागला, डॉक्टर."

कसला बांगडा? दोन दिवस आम्ही दोघींनी पेज आणि वालीची भाजी खाल्ली. ताप डोक्यात गेला की माणूस काहीबाही बोलतं. मी मात्र शुद्धीत होते. मी गप्प राहिले.

त्यांना ठेवून घेतलं. शिरेतून औषध चालू आहे, उजव्या हातातून. डाव्याला सुई लावायची नाही म्हणे, रक्तदाबाचा पट्टासुद्धा नाही. जिथे सुईसुद्धा चालत नाही तिथे मी दोन दिवस काय केलं ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रॉविना आली आहे मडगावहून. मी दवाखान्यात गेले तर उठून मला स्टूल दिलं, "काकी, तू होतंस म्हणान माजी आवस वाचली," म्हणाली. मी स्टुलावर बसले नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज सांगितलं. रॉविनाला नाही, ते धाडस नाही झालं. दवाखान्यात अक्षया म्हणून व्यायाम शिकवणारी मुलगी आहे, तिला बाहेर गाठून सांगितलं. तेल, जोर, कढत पाणी, सगळं. म्हटलं, आता पोलिसात द्यायचं तर दे.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बाकावर बसवून समजावलं. आपल्या कातडीखाली एक पाणी फिरतं, त्याला लसिका म्हणतात. रक्ताला ढकलायला काळीज आहे, या पाण्याला ढकलणारं कोणी नाही. आपण हातपाय हलवले, पोटभर श्वास घेतला, की ते सरकतं. जाताना गाठींमधून गाळून जातं. बाईंच्या बगलेतल्या गाठी काढल्या, म्हणजे वाटच गेली. आता त्याला दुसऱ्या वाटेने, मानेकडे आणि पलीकडच्या बगलेकडे वळवायचं.

"त्या वाटा कातडीच्या अगदी लगत असतात आजी. जोर लावला की दबतात. आणि गरम केलं की हातात पाणी आणखी जमतं."

मला आमची माडांची बाग आठवली. पाटाने पाणी सोडायचं तर आधी शेवटच्या अळ्याचं तोंड मोकळं करतात. ते बुजलेलं असताना वरून कितीही लोटा, पाणी बांध फोडणार. मी तेच केलं बाईंच्या हातात.

म्हटलं, "मग मी त्यांच्याजवळ जायचंच नाही का?"

"जायचं की! आधी ताप आणि लाली पूर्ण जाऊ दे, तोवर कोणी चोळायचं नाही. मग मी शिकवते तसं करा. हात मात्र हलका हवा." तिने स्वतःच्या मानेवर करून दाखवलं. बोटं नुसती टेकवायची, कातडी तेवढी सरकवायची, सोडायची. तेल नाही. मला वाटलं ही मुलगी माशी हाकलतेय.

घरी येऊन दूध तापवलं, साय धरू दिली, आणि बोटांनी ती न मोडता सरकवायला बघितली. पहिल्यांदा फाटली. दुसऱ्यांदाही. चहा काळाच प्याले.

४ डिसेंबर, गुरुवार

बाई घरी आल्यात. रॉविना परत कामावर गेली, ती बँकेत आहे. जाताना म्हणाली, "नाताळाक येतंय. तवसर बघूया." काय बघूया ते बोलली नाही.

बाईंनी ओसरीवर खुर्ची ठेवलीच होती. मी म्हटलं, "बाई, मी परत हात लावलंय तर चलात?"

"नायतर कोण लावतलो? पोप येतलो रोमाहून?"

अक्षयाने शिकवलं तसं, आधी मानेच्या खळग्यांत. मग उजव्या बगलेत, मग छातीवरून आडवं. मग खांदा, दंड, आणि सगळ्यात शेवटी बोटं. उलटीकडून सुरुवात, पण वाट वरून मोकळी व्हायला हवी ना. माझे हात शिवशिवत होते रगडायला. बैलाला लहान मुलामागे चालवल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "सुरू कर मगे."

"करतंय."

"करतंस? माका वाटला झोपलंस."

७ डिसेंबर, रविवार

देवेशचा मस्कतहून फोन. "जेवलंस?" "जेवलंय." "गोळी घेतलंस?" "घेतलंय." "काय विशेष?" मी बाईंच्या हाताचं सांगायला घेतलं तर तिकडे त्याला कोणी हाक मारली. रविवारी पण काम असतं बिचाऱ्याला.

अक्षयाने सांगितलेले व्यायाम बाईंना आवडत नाहीत. शाळेतल्या कवायतीसारखे वाटतात म्हणे, आणि कवायत घ्यायची सवय, करायची नाही. म्हणून आम्ही कामातच करतो. कपडे दोरीवर घालायचे ते डाव्या हाताने, पूर्ण वर करून. केस विंचरायचे डाव्याने. ("खंयचे केस?" असं विचारतात रोज.) भांड्याचा स्पंज हातात धरून मूठ वळायची, सोडायची. कळशी मात्र उचलू देत नाही. ऊन उतरलं की खाडीच्या काठाने चालून येतो, हातावर अक्षयाने दिलेला घट्ट मोजा चढवून. तो मोजा चढवणं म्हणजे जिवंत वाम माशाला पिशवीत घालणं.

आणि गाणं. पोटातून श्वास घ्या असं अक्षयाने सांगितलं, तर बाई म्हणाल्या मी तर चर्चमध्ये गाते, तोच श्वास. आता चालताना गातात. मला शब्द येत नाहीत, मी नुसती हं हं करते. काल जाळी विणणारे वर बघून हसले. हसू देत.

१५ डिसेंबर, सोमवार

आज मनगटाचं हाड दिसलं! दोघी बघत बसलो, जसं नवीन बाळाचा पहिला दात बघतात. बाई इतक्या खूश की आतून घड्याळ घेऊन आल्या, घालायला लागल्या. मी ओरडले, "त्या हातात काय एक घट्ट घालूचा नाय! सांगल्यानी मा तिणा!"

"झाली, माजी बाई झाली ही," म्हणाल्या आणि गुपचूप उजव्या हातात घातलं.

सकाळी उठल्यावर आता आधी केस नीट करते मी. पूर्वी कधी तरी करत असे.

२४ डिसेंबर, बुधवार

रॉविना काल आली. घरभर नारळाचा आणि गुळाचा वास. दोदोल ढवळायला मला बोलावलं, बाईंना चुलीजवळ जायला बंदी. बाई लांबून हुकूम सोडत होत्या, "शेवंते, खाली लागतला हां!" मी म्हटलं, "लागला तर तुमी खावा."

ढवळता ढवळता रॉविनाने सांगितलं. सहा जानेवारीला तीन राजांची फेस्त, त्यांचा सण, तो झाला की आईला मडगावला नेणार. गोव्याचे डॉक्टर महिन्याला बोलावतात. परत तसा ताप आला आणि इथे उशीर झाला तर? तूही काही तरणी नाहीस काकी, म्हणाली. खोटं काय आहे त्यात.

बाई दारातून म्हणाल्या, "मी येतंय. नाय म्हणणय नाय. पण माजो हात शेवंतेक कळता. थयसर कोणाक कळता?"

"मगे काकी माका शिकयतली," रॉविना म्हणाली. "शिकयशीत मा गो?"

मी हो म्हटलं. दोदोल खाली लागलाच.

२५ डिसेंबर, गुरुवार

शिकवलं तर बाई जातील. नाही शिकवलं तर राहतील. असं कागदावर लिहिलं की फार वाईट दिसतं. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहू?

बाईंना जायचंय का, हे मी विचारलेलं नाही. त्याही बोलत नाहीत. रॉविनाने आणलेली नवी शाल पांघरून बसल्या होत्या आज, आणि ती आत-बाहेर करताना तिच्या मागे मागे बाईंचे डोळे जात होते.

२७ डिसेंबर, शनिवार

पहिला धडा. रॉविनाने आईच्या दंडाला हात लावला आणि मी बघूनच सांगितलं, जड. तिने कमी केला. आता? मला लांबून काय कळणार. बाईंना विचारावं तर त्यांना तिथे कळतच नाही. "माज्यार हत्ती बसयलास तरी चलात," म्हणाल्या.

म्हणजे ज्याला कळतं त्याच्या हातावर करून बघायला हवं. मीच राहिले. पोलक्याची बाही वर केली आणि बाईंच्या खुर्चीत बसले.

रॉविनाने मानेच्या खळग्यात बोटं ठेवली. मी एकदम दचकले. "गार लागला काकी?" गार नव्हतं. ऊन होतं. एवढ्या लोकांना हात लावला मी जन्मभर, पण मला कोणी लावायचं कारणच पडत नाही. देवेशचा बाबा गेला तेव्हा देवेश शाळेत होता. देवेश आला की वाकून पाया पडतो.

हात मात्र जड. बँकेत शिक्के मारून मारून झालेला. माझ्यासारखाच. तसं सांगितलं.

३० डिसेंबर, मंगळवार

रोज सकाळी मी बाईंना करते, मग रॉविना मला करते. कालपेक्षा आज बरा. मनगटाकडे येईपर्यंत विसरते आणि दाबते. "गडबड करू नको. तुका गाडी पकडूची नाय," असं म्हणाले.

तिने विचारलं, "काकी, तुजो खांदो एवढो आखडललो कसो?" मला काय माहीत. मी कुठे बघायला जाते.

१ जानेवारी, गुरुवार

डायरी काल संपली. मागची पानं आहेत, लोकांचे फोन लिहायची. माझ्याकडे तेवढे फोन नाहीत, म्हणून तिथे लिहिते.

आज हात बरोबर पडला. मानेपासून बोटांपर्यंत. दुधावरची साय जागची मोडली नसती.

रॉविनाने विचारलं, "आता?"

मी म्हटलं, "जरा जड आसा अजून."

का म्हटलं? तोंडातून गेलं.

३ जानेवारी, शनिवार

कालही तसंच म्हटलं. आजही.

आज रॉविनाने हात खाली सोडले आणि पायरीवर जाऊन बसली. चाळिशी ओलांडलेली बाई, पण तशी बसल्यावर न्हाणीतल्या त्या किंचाळणाऱ्या पोरीसारखीच दिसली. म्हणाली, "माज्या हातात नाय ता काकी. आवशीन माका कधी जवळ घेवक नाय. शाळेत बाई, घरातय बाई. माका तिका हात कसो लावचो ताच कळणा नाय. भीती वाटता."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला हवं ते बोलले नाही. तिच्या बोटांत काही खोट नव्हती, खोट कुठे होती ते मला ठाऊक होतं. आणि तरी मी म्हटलं, "उद्या बघूया."

निघाले तर बाई आतल्या दारात उभ्या. कधीपासून होत्या कोण जाणे. मला म्हणाल्या, अगदी हळू, "शेवंते, माजो हात बधिर आसा. डोळे नाय."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. गडग्यापर्यंत आले तोवर जेवणाची वेळ टळून गेली होती.

४ जानेवारी, रविवार

सकाळी नेहमीसारखं मी बाईंना केलं. सगळं ठीक वाटलं. मग रॉविना म्हणाली, आज मी आईवरच करते, तू नुसती बघ.

दंडाच्या मागच्या बाजूला आली आणि थांबली. बोटं तिथेच. "काकी, हयसर ऊन लागता."

मी हात लावला. मला काही कळलं नाही. "काय नाय," म्हटलं.

"नाय गो. आसा. बाजूक गार आसा, हयसर ऊन." तिने बाईंना उजेडात वळवलं. बारीकसा ओरखडा, काट्याकुट्याचा, आणि भोवती किंचित गुलाबी. मांजराच्या नाकाएवढं. बाईंना पत्ताच नाही, त्यांना तिथे कळत नाही. आणि मी तर सकाळी त्याच जागेवरून हात फिरवला होता.

रॉविनाने लगेच फोन लावला. डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या, आजच सुरू करा म्हणाले, बरं झालं वेळेवर दिसलं. बाबली गोळ्या घेऊन आला. ताप चढलाच नाही. आता ते पूर्ण जाईपर्यंत बाईंच्या हाताला कोणी हात लावायचा नाही.

दिवसभर बसून होते घरात. माझ्या बोटांना घट्टे आहेत. भांडी, कोयता, तेल, गरम पाणी, चूल. त्यांना आता बारीक कळत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी भांडले असते. रॉविनाच्या बोटांना कळलं. तो हात जड आहे असं मी तीन दिवस म्हणत होते.

देवेशचा फोन आला. जेवलंस? जेवलंय म्हटलं. जेवले नव्हते.

६ जानेवारी, मंगळवार

आज फेस्त. लाली गेली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आणखी थोडे दिवस गोळ्या घ्या, प्रवासाला हरकत नाही. पण रॉविनाने बॅग भरली नव्हती. ती म्हणाली, रजा वाढवते, हात जमल्याशिवाय नेऊन काय करू?

चर्चहून आल्यावर तिने बाईंची खुर्ची ओसरीवर ओढली आणि मला म्हणाली, "बस काकी. एकदा शेवटचा बघ. आजय नाय जमला तर ऱ्हवांदे."

मला बसायची गरज नव्हती. उभ्यानेच सांगता आलं असतं, दोन शब्दांचं काम. बाई आत शाल घेऊन बसल्या होत्या, दार उघडं होतं. मी बसले. बाही वर केली.

तिने मानेपासून सुरू केलं. दोन्ही खळग्यांत, मग खांद्यावरून. कुठे घाई नाही. दंड. कोपराच्या आतली बाजू. मनगट. एकेक बोट. शेवटच्या करंगळीपाशी आल्यावर मी म्हटलं, "परत एकदा मानेकडसून," आणि तिने काही न विचारता परत पहिल्यापासून केलं. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल गेली. खाडीकडून वारा येत होता. मी डोळे मिटले होते.

संपलं तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"आजूनय जड?" तिने विचारलं. 

"नाय गो," मी म्हटलं. "जमलो तुका हात. आवशीक घेवन जा."

 आतून पलंग करकरल्याचा आवाज आला. रॉविनाने माझ्या खांद्यावरचा हात उचलला आणि आईकडे धावली. ती जागा थोडा वेळ ऊन राहिली. मग वारा लागला.